मास्तरचा हात वर गेला नव्हता

शिंत्र्यांच्या भाच्याची वरात निघायची वेळ झाली तरी नवरदेव घोड्यावर बसायला तयार नव्हता. घोडं म्हातारं होतं, गरीब होतं, उभ्या उभ्या पेंगत होतं. पण नवरदेव शहरात फ्रीज विकायच्या दुकानात कामाला, त्यानं जनावर बघितलेलं ते कॅलेंडरवर. शेवटी त्याच्या मामानं, भगवानराव शिंत्र्यांनी, त्याला काखेत धरून पोत्यासारखा वर टाकला आणि मला सांगितलं, "सिदू, वाजीव लवकर, न्हाईतर हे उतरतंय."

मी वाजवलं.

मी सिद्राम ऐवळे, ऐवळे ब्रास बँडचा मास्तर. शाळेत चौथीपर्यंत गेलो, त्यातली निम्मी वर्षं गुरुजींची म्हैस धुण्यात गेली. पण ट्रंपेट तोंडाला लावला की पंचक्रोशीतली म्हातारी माणसंसुद्धा काठी टाकून नाचायची, हे मी माझ्या तोंडानं सांगतोय कारण दुसरं कुणी सांगायला उरलं नाही.

आता बँडमास्तर कसा चालतो ते सांगितलं पाहिजे, कारण पुढं सगळं रामायण त्याच्यावरच झालं. बँडमास्तर उलटा चालतो. पोरं दोन रांगा करून सरळ चालतात आणि मास्तर त्यांच्याकडं तोंड करून, रस्त्याकडं पाठ करून मागं मागं सरकतो. पोरांचे डोळे मास्तरवर, मास्तरचे पोरांवर. माझी निम्मी हयात अशी उलटी गेली. गटार, शेणाचा पो, झोपलेलं कुत्रं, सगळं मला पाठीनं कळायचं.

आणि माझ्या बँडात एक कायदा होता. मास्तरचा हात वर जाऊन मूठ मिटली की गाणं बंद. तोवर आभाळ कोसळलं तरी बंद नाही. कारण लग्नाचा बाजा मधेच थांबणं वाईट. एकदा पाऊस आला म्हणून पोरं मधेच थांबली, तर नवरीच्या आजीनं तिथंच गळा काढला, काय अभद्र झालं म्हणून, आणि आम्हाला जेवायला वाढलं नाही. त्या उपाशी रात्रीपासून हा कायदा.

तर वरात निघाली. पुढं शिंत्रेमामाची जीप, तिच्यात फटाक्याची खोकी आणि मामाला लागणारी बाटली. मग बराच मोकळा रस्ता, मग मी, मग बँड, मग नाचणारी पोरं आणि त्यांच्या मागं घोड्यावर नवरदेव, मान खाली घालून, फाशीला चालल्यासारखा. पोरं अशी नाचत होती की वरात पुढं सरकायचं नावच घेईना. दोघं तर रस्त्यावर आडवे पडून पोहत होते. अक्षतेची वेळ चाललेली. मामा पुढं वाट बघून कावला आणि आम्हाला शिव्या द्यायला त्यानं जीप तशीच रिव्हर्स मारली. जीपच्या मागच्या काचेवर 'शुभविवाह' लिहिलेली मोठी पाटी आणि वर झेंडूच्या माळा. त्याला मागचं काय दिसणार, कप्पाळ.

मला तर काहीच दिसत नव्हतं. मला दिसत होता गुंडा.

गुंडा गेजगे म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. घरी मला दाजी म्हणायचा, बँडात मास्तर. गळ्यात मोठा ढोल, अंगानं रेड्यासारखा, डोक्यानं पण जवळपास तसाच. त्याचे डोळे एकदम वाटीएवढे झाले. मला वाटलं गडी रंगात आलाय. शेजारचा साईडवाला, म्हणजे छोटा ड्रम वाजवणारा, भुवया उडवायला लागला. झांजवाल्यानं मान अशी झटकली की टोपी पडली. म्हणलं, वा, आज पोरं खुशीत आहेत. मी पण डोळे मिटले आणि वरचा सूर लावला.

त्या सुरातच जीप बसली.

पुढचं मला काही आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो.

ट्रंपेट तोंडात होता, मी तोंडावर पडलो. पुढचे वरचे दात गेले, ओठ फाटला, उजवा पाय चाकाखाली मोडला. पायात लोखंडाची दांडी घातली, ओठाला टाके घातले. दवाखान्यातनं घरी आलो तेव्हा शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, बरं झालं, थोडक्यात भागलं. माझ्या बायकोनं, हौसानं, तिला विचारलं की तुमच्या मालकाचं असंच थोडक्यात भागवू का. पुन्हा ती बाई आली नाही.

पाय जुळला. पण मी काही उठलो नाही.

हे कसं सांगावं मला अजून कळत नाही. आत दिवा लावायचा आणि कुणीतरी वात खाली ओढायची, तसं झालं. भिंतीकडं तोंड करून पडायचो. तोंडावर टॉवेल. हजामाला दारातनं परत पाठवायचो, दाढी छातीवर आली. दाताची कवळी करून आणली होती, ती पेल्यात पडून माझ्याकडं बघून हसायची. भूक नाही, झोप नाही. कुणी बोलायला आलं की त्याच्या तोंडातले दात मोजत बसायचो. मरावं असंही मनात यायचं. आज हसत सांगतोय, तेव्हा हसू येत नव्हतं.

आणि गुंडाला मी घरात येऊ देत नव्हतो.

दर बाजारच्या दिवशी तो यायचा. दारासमोरच्या दगडावर बसायचा, कधी ऊस आणायचा, कधी पेरू, जे मला चावता येणार नाही तेच बरोबर आणायचा. आतनं मी हौसाला खूण करायचो, घालव त्याला. ती बिचारी भाऊ आणि नवरा यांच्यामध्ये पोळपाटावरच्या गोळ्यासारखी. तिनं एकदा विचारलं की त्यानं तुमचं काय खाल्लंय. गावानं त्याचं उत्तर परस्पर ठरवलं होतं. बँड आता गुंडा चालवतोय, म्हणून सिदूमास्तरच्या पोटात दुखतंय. मी काही खोडून काढलं नाही. खोडायला तोंड उघडावं लागतं.

मधेच एकदा शिंत्रेमामा येऊन गेले. सफरचंदं घेऊन आले. खाटेजवळ बसून माझ्या गुडघ्यावर थोपटत म्हणाले की झालं ते झालं, आता कोर्टकचेरी नको. जीप तर उभीच होती, तूच उलटा चालत येऊन तिच्यावर आदळलास, वरातीतले सगळे पाव्हणे तसंच सांगतायत, पोलिसांच्या कागदावर पण तसंच आहे. माझ्या गाडीचा दिवा फुटला, मी तुला काही मागितलं का? हौसानं सगळं ऐकून घेतलं. पिशवी उचलली, बाहेर गेली आणि मामाच्या देखत सफरचंदं एकेक करून म्हशीपुढं टाकली.

"ह्यास्नी दात न्हाईत," ती म्हणाली. "तिला हायत."

मामा गेले. मला हसू यायला पाहिजे होतं. आलं नाही. तेव्हा हौसा पहिल्यांदा घाबरली, असं तिनं मला पुढं सांगितलं.

वकील कसा मिळाला ते ऐकण्यासारखं आहे. हौसा तालुक्याला माझ्या अपंगाच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालत होती. एक दिवस ऊन असं की डांबर चपलेला चिकटत होतं. साहेब जेवायला गेले, ती शेजारच्या कोर्टाच्या आवारात सावली शोधायला गेली. तिथं एका खोलीत पंखा फिरत होता आणि बाया बाकावर बसल्या होत्या. ही पण जाऊन बसली, भाकरी सोडली, निवांत खायला लागली. पाळी आली तशी टेबलामागच्या वकीलबाईंनी विचारलं, तुमचं काय काम? हौसा म्हणाली, काही नाही, पंख्याखाली बसलेय. बाईंनी विचारलं, घरी पंखा नाही का? हौसा म्हणाली, आहे, पण त्याच्याखाली नवरा आहे. आणि तिथंच रडायला लागली.

ती खोली गरिबांना फुकट वकील द्यायची होती. हौसा पंख्याखाली बसायला गेली आणि वकील घेऊन आली.

मला काही पटलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूची मला भीती वाटते, लग्नात उरलेला मसालेभात खाऊन तीनदा पस्तावलोय. पण हौसानं मला रिक्षात घातलं ते घातलंच, दाढीसकट, टॉवेलसकट.

ॲडव्होकेट शाहीन पटवेगार. बाई मिरजेच्या, ठेंगण्या, आवाज असा की कोर्टात माईक नको. समोर चुरमुऱ्याची पुडी, त्यातले चुरमुरे खात खात प्रश्न विचारायच्या. मी टॉवेलमधनं हूं हूं करत होतो. थोडा वेळ त्यांनी चालवून घेतलं, मग पुडी बाजूला सारली.

"मास्तर, समोरचा वकील म्हणणार की जीप उभी होती आणि तुम्ही आंधळ्यासारखे उलटे चालत होता. त्याला उत्तर टॉवेल देणार का?"

मी टॉवेल आणखी वर ओढला.

"आधी डॉक्टरकडं जा."

मी पाय दाखवला, बरा आहे म्हणून. त्या म्हणाल्या, तो डॉक्टर नाही, सिव्हिलमध्ये मनाचा डॉक्टर असतो, त्याच्याकडं. मी खूप दिवसांनी मोठ्यानं बोललो. म्हणलं, मी काय येडा हाय का?

"पायासाठी पायाचा डॉक्टर गाठला, दातासाठी दाताचा. डोक्यासाठी काय गवंडी बोलवू?"

हौसानं तोंडाला पदर लावला. मला वाटलं रडतेय, ती हसत होती.

सिव्हिलमधला डॉक्टर पोरगेला होता, पण शांत. त्यानं सांगितलं की हा आजार आहे, शुगर असते तसा, त्याला औषध आहे आणि बोलणं हे पण औषध आहे. गोळ्यांनी आधी नुसती झोप आली, मग भूक आली, मग कधीतरी हजाम घरात आला आणि त्याला दाढीत मक्याचा दाणा सापडला. डॉक्टर दरवेळी विचारायचा, सगळ्यात जास्त काय लागतंय मनाला? दात? पाय? वाजवता येत नाही ते? मी म्हणायचो, व्हय, व्हय, तेच. तो वहीत लिहायचा नाही, नुसता बघत राहायचा. त्याला कळत होतं की मी सांगत नाही.

इकडं पटवेगारबाईंनी सांगलीच्या कोर्टात दावा लावला. साक्षीदार कोण, हा खरा घोळ. मामाला पोलिसांची भीती आणि इन्शुरन्स कंपनीला भरपाईची, दोघांचं झकास जमलं होतं. वरातीतले सगळे मामाचे नातेवाईक. नवरदेवाला विचारलं तर तो म्हणाला, मला फक्त घोड्याचे कान दिसत होते. मग राहिले कोण, बँडवाले. बाई म्हणाल्या, सगळ्यात पुढं आणि मधोमध कोण होतं? हौसा म्हणाली, माझा भाऊ.

मी म्हणालो, गुंडा नको.

बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं नाही. त्यांनी हौसाकडं बघितलं, तिनं खांदे उडवले. मी म्हणालो, दुसऱ्या कुणालाही बोलवा, झांजवाल्याला बोलवा, घोड्याला बोलवा, पण त्याला नको. बाईंनी शांतपणे चुरमुरा तोंडात टाकला.

"दावा तुमचा आहे, मास्तर, पण चालवायचा मला आहे."

आणि गुंडाला समन्स गेलं.

माझी साक्ष झाली त्या दिवसाबद्दल मी जास्त सांगणार नाही. इन्शुरन्सचे वकील मगदूम, उंच, गोरे, बोलणं तुपातलं. त्यांनी आवाज चढवला नाही. विचारलं, मास्तर, तुम्ही बाजाराला जाता तेव्हा उलटे जाता का? देवळाला प्रदक्षिणा घालता ती उलटी घालता का? मग रहदारीच्या रस्त्यावरच असं का? लोक हसले. जज्जसाहेब हसले नाहीत, त्यांनी मला टॉवेल बाजूला करून बोलायला सांगितलं, आवाज कागदावर घेता येत नाही म्हणून. कवळी मी घरी ठेवली होती. टॉवेल काढला. लोकांचं हसणं बंद झालं, ते मला जास्त लागलं. मी काय बोललो ते मलाच कळलं नाही. गाडी मागनं आली, एवढं म्हणालो. तुम्ही पाहिली का? नाही. मग कशावरून आली, तुम्हीच गेला नाही कशावरून? खाली उतरलो तेव्हा वाटलं, मामा म्हणतो तेच खरं असेल. मीच जाऊन आदळलो असेन. एवढ्या माणसांना दिसलं आणि एकट्या मला दिसलं नाही.

घरी जाताना हौसानं माझा हात धरला होता. मी परत भिंतीकडं तोंड करून झोपलो. गोळ्या घ्यायच्या नाहीत असं ठरवलं. तिनं त्या ताकात घालून पाजल्या.

पुढच्या तारखेला गुंडा.

मी जाणारच नव्हतो. पण पटवेगारबाईंचा निरोप आला की दावा लावणारा माणूस मागच्या बाकावर तरी दिसला पाहिजे. म्हणून गेलो आणि अगदी मागं, कपाटाच्या आडोशाला बसलो.

शिपायानं पुकारा केला, गुंडा गेजगे. दारातल्या हवालदारानं दचकून वर बघितलं. गुंडा लग्नात घालायचा लाल कोट घालून आला होता, सोनेरी बटणांचा. त्याच्याकडं दुसरा चांगला कपडाच नव्हता. पिंजऱ्यात उभा राहिला तो रेडा शिंगाला बेगड लावून उभा केल्यासारखा.

पटवेगारबाईंनी साधं विचारलं, काय घडलं. त्यानं सांगितलं, जीप मागं आली आणि मास्तरवर बसली. बस, एवढंच. मग मगदूम उठले.

त्यांनी आधी गोड बोलून नातं काढून घेतलं. म्हणजे तुम्ही यांचे सख्खे मेहुणे. म्हणजे तुमची बहीण यांना दिलेली. म्हणजे तुम्ही यांच्या बाजूनंच बोलणार. गुंडा प्रत्येक वेळी व्हय म्हणाला. शेवटच्याला पण व्हय म्हणाला. बाईंनी कपाळाला हात लावला. मग मगदूमांना वाटलं, माणूस मऊ आहे, आता एक घाव घालू.

"जीप मागं येताना तुम्हाला लांबून दिसत होती?"

"व्हय."

"आणि तरी तुम्ही वाजवत राहिलात?"

"व्हय."

"ओरडला नाही, थांबला नाही?"

"डोळं मोठं केलं. मास्तरला वाटलं म्या खुशीत हाय."

कोर्टात खसखस पिकली. मगदूमांना जोर आला. ते म्हणाले, साहेब, बघा, हे बँडवालेच स्वतः किती बेफिकीर. समोरून जीप येताना दिसते आहे आणि हे ढोल बडवत आहेत. पटवेगारबाई तेव्हा इतक्या हळू उठल्या की मला वाटलं पायाला मुंग्या आल्यात. त्यांनी फक्त एवढंच म्हणलं, साहेब, माझ्या विद्वान मित्रांची जीप इतके दिवस उभी होती, आज ती येताना दिसायला लागली आहे, एवढं कागदावर यावं. जज्जसाहेबांनी चष्म्यावरनं मगदूमांकडं बघितलं आणि टायपिस्टकडं मान हलवली. मगदूमांचं तूप जरा थिजलं.

दाव्याचं जे काय व्हायचं ते तिथंच झालं, असं बाई पुढं म्हणायच्या. निकाल बऱ्याच महिन्यांनी लागला. कोर्टानं धरलं की जीप मागं आली आणि चूक जीपवाल्याची. उलटं चालण्याचा थोडासा दोष माझ्या पदरात टाकलाच, पण भरपाई मिळाली, आणि चांगले बसतील असे दातही आले. शिंत्रेमामा अजून मला रस्त्यात बघितलं की पलीकडच्या बाजूला जातात, सरळ चालत.

पण त्या वेळी मला यातलं काही कळत नव्हतं. मी कपाटाआड बसून पुढच्या प्रश्नाची वाट बघत होतो. मला माहीत होतं तो येणार. म्हणूनच तर मला गुंडा नको होता.

मगदूम चिडले होते. चिडलेला माणूस नको ते विचारतो.

"मास्तर गाडीखाली गेले, त्यानंतर तरी वाजवायचं थांबवलंत का?"

गुंडा कोटाचं बटण फिरवत राहिला. मग म्हणाला, "न्हाई."

"नाही? किती वेळ वाजवलंत?"

"गाणं संपंस्तवर."

आता कुणी हसलं नाही. मगदूम म्हणाले, माणूस गाडीखाली मरतोय आणि तुम्ही गाणं पुरं केलंत?

इथं मला खरं सांगितलं पाहिजे. मला सगळं आठवत होतं. जीपखाली मी शुद्धीत होतो. तोंडात माती, रक्त, दात, डोळ्यापुढं चाकाचा रबर. आणि वर माझा बँड वाजत होता. मी ओरडायला गेलो, आवाज निघाला नाही. त्यांचा निघत होता. मी नसताना, मी खाली चेंगरलेला असताना, माझं गाणं माझ्या पोरांनी शेवटच्या कडव्यापर्यंत नेलं. आणि नेलं ते पण कसं, ढोल मधेच गायब, मधेच दोन ठोके एकदम, मधेच चुकून तिसऱ्याच जागी. म्हणलं, मी खाली मरतोय आणि याला साधा ठेका धरवत नाही. दात गेले, पाय गेला, ते सोसलं असतं. पण त्या दिवशी मला कळलं की मी नसलो तरी वरात चालते. त्यानंतर उठायचं कशासाठी? डॉक्टर विचारत होता ते हेच. मी हौसाला सांगितलं नव्हतं, कारण तिचा भाऊ होता. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण लाज वाटली. मेलेल्यापेक्षा वाईट अवस्था झालेला माणूस आणि रुसून बसलाय, ढोलाचा ठेका चुकला म्हणून.

गुंडानं बटण सोडलं.

"सायब, लग्नातला बाजा मधीच बंद पडला की लोक इचारत्यात, कोण गेलं. मास्तरचा हात वर गेला नव्हता. म्या बंद केला असता तर मास्तर गेलं, असं झालं असतं. म्या न्हाई केला."

मगदूम म्हणाले, म्हणजे तुम्ही वाचवायचं सोडून...

"सोडून कशाला? जीप उचलाय नको व्हय? झांजवाला आन म्या, दोघांनी खालनं खांदा लावला. ढोल गळ्यातच. पट्टा सोडाय येळ न्हवता. जीप उचलायची, टेकायची, हात मोकळा झाला की एक टिपरू हाणायचं, पुन्हा उचलायची. साईडवाल्यास्नी म्हणलं, तुमी थांबू नका. त्यास्नी रडू येत व्हतं, पर वाजवत व्हते. गाणं संपलं तवा मास्तर भाईर आलं व्हतं."

तो कपाटाकडं बघून बोलत नव्हता. मी तिथं आहे हे त्याला माहीतही नव्हतं. मगदूमांनी कागद चाळले आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणून सांगितलं.

मी तिथं बसल्या बसल्या ते गाणं पहिल्यापासून पुन्हा ऐकलं. ढोल गायब झाला तिथं त्यानं जीप उचलली होती. दोन ठोके एकदम पडले तिथं जीप खाली टेकली होती. जिथं जिथं चुकला होता, तिथं तिथं तो मला ओढत होता. पाय चाकाखालनं सुटला तेव्हा दुखण्याची कळ आली, ती ठेक्यातच आली होती, मला तेवढं कळलं नव्हतं.

मी टॉवेल तोंडावर घेतला, पण या वेळी दात झाकायला नाही.

बाहेर आलो तर गुंडा कोर्टाच्या आवारात झाडाखाली कोट काढून बसला होता. हौसानं आम्हाला दोघांना बघितलं आणि पटवेगारबाईंना काहीतरी विचारायचंय म्हणून उगाच आत गेली. मी काठी टेकत त्याच्यापुढं उभा राहिलो. तो उठला, पण जवळ यायचं का नाही ते त्याला कळेना. एवढे महिने मी त्याच्याशी एक शब्द बोललो नव्हतो. शेवटी जे तोंडात होतं तेच आलं.

"गुंड्या, शेवटच्या कडव्यात ढोल चुकला लेका तुझा."

"चुकला," तो म्हणाला. "ठावं हाय." मग थांबला. माझ्याकडं बघत राहिला. "तुमास्नी कसं ठावं?"

"ऐकत होतो."

"खालनं?"

"खालनं."

तो मटकन खाली बसला. रेड्यासारखा माणूस, गालावरनं पाणी वाहतंय आणि पुसायचं पण भान नाही.

"मग इतकं दिवस बोलला का न्हाई, दाजी?"

मी पण त्याच्या शेजारी बसलो. बसायला जरा वेळच लागला, पाय मुडपत नाही. खरं सांगायचं होतं, पण ते लहान पोराच्या तक्रारीसारखं निघालं.

"मला वाटलं, मी नसलो तरी तुमचं चालतंय."

गुंडानं हातातल्या कोटाच्या बाहीला नाक पुसलं. थोडा विचार केला. खोटं बोलायची त्याला सवयच नव्हती.

"चालतंय की," तो म्हणाला. "लई वंगाळ चालतंय."